बाराची भरती

नारळ फ्रिजमध्येच राहिला हे ऊर्मिलाला हानोव्हरच्या अलीकडे आठवलं, आणि आठवलं तेव्हा तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की श्रीरंगचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"काय झालं? अगं, काय झालं?"

"नारळ," ती म्हणाली. "अप्पांचा नारळ. लॉजवरच्या फ्रिजमध्ये."

मागच्या सीटवर अप्पा बसले होते. ऊर्मिलाची मान वळेना. आता सासरे बोलतील, मग बोलतील, म्हणून ती कान टवकारून बसली. पण अप्पांनी एक शब्द काढला असेल तर शपथ. त्यांनी नुसती खिडकीची काच खाली केली आणि थोड्या वेळाने परत वर केली.

सकाळचे सव्वाआठ वाजले होते. आदल्या दिवशी बॉबलिंगेनच्या घरून निघून ते गॉटिंगेनजवळच्या एका लॉजवर राहिले होते. तिथून सकाळी सातला निघायचं, दुपारी साडेबारापर्यंत हुसुमच्या पुढे समुद्र गाठायचा, अप्पांनी नारळ द्यायचा आणि मग तसंच वर डेन्मार्ककडे सरकायचं, असं श्रीरंगचं दहा दिवसांच्या उत्तरेच्या ट्रिपचं वेळापत्रक होतं. त्याने ते कॉम्प्युटरवर रंगीत चौकोनांत आखून प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घातलं होतं. गाडी कंपन्यांसाठी ब्रेकचं टेस्टिंग करणारा माणूस, त्याच्या चौकोनांत लघवीच्या थांब्यांनासुद्धा मिनिटं दिलेली. फक्त फ्रिजला चौकोन नव्हता.

बरं, नारळ फ्रिजमध्ये गेला कसा? तर ऊर्मिलाच्याच हुशारीने. ऑगस्टचं ऊन, गाडीची डिकी तापलेली, नारळ तडकला तर काय घ्या, म्हणून तिने रात्री तो पिशवीसकट फ्रिजमध्ये ठेवला. काळजी केली आणि काळजीनेच घात केला. ती स्वतःवरच चरफडत होती.

कारण तो साधा नारळ नव्हता. मुरूडच्या घरामागच्या माडाचा, अप्पांनी स्वतः निवडून, कपड्यांच्या घडीत गुंडाळून विमानातून आणलेला, वर सोनेरी कागद लावलेला. आज नारळी पौर्णिमा. अप्पा म्हणजे मुरूडच्या कोळीवाड्यातले विष्णू तांडेल. पन्नास वर्षं त्यांनी स्वतःची होडी चालवली. पावसाळ्यात दोन-अडीच महिने किनाऱ्यावर झाकून ठेवलेली होडी पौर्णिमेनंतर पाण्यात जाते, पण त्याआधी समुद्राला नारळ द्यायचा, आणि त्यांच्या घरात तो कर्त्या माणसाच्याच हाताने द्यायचा. एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. सासूबाई गेल्या त्या वर्षीसुद्धा अप्पांनी दिला होता.

होडी आता श्रीरंगचा धाकटा भाऊ विलास चालवत होता, आणि मुरूडचं घर त्याची बायको शैला बघत होती. या वर्षी अप्पा जर्मनीला येणार म्हटल्यावर तो म्हणाला होता, "अप्पा, यंदा मी देतो नारळ." अप्पांनी त्याला सरळ सांगितलं होतं, "मी मेल्यावर दे. समुद्र सगळीकडे एकच. मी तिकडून देईन." विलास उद्या पहाटे पाचला चार माणसं घेऊन होडी काढणार होता, अप्पांचा नारळ पडल्यावर.

आणि तो नारळ गॉटिंगेनच्या फ्रिजमध्ये, अंड्यांच्या कप्प्याखाली.

"पुढचं एक्झिट चौदा किलोमीटरवर आहे," श्रीरंग म्हणाला. तेवढंच. त्यानेही तिला बोल लावला नाही. चौदा किलोमीटर पुढे, तिथून शंभरावर किलोमीटर मागे, आणि ते सगळं परत पुढे. ऊर्मिलाला वाटलं, अरे ओरडा की कोणीतरी! एकदा घाण घाण बोला आणि मोकळे व्हा. माहेरी पुण्याला असं झालं असतं तर आईने एव्हाना सात पिढ्या उद्धरल्या असत्या, आणि दहा मिनिटांनी चहा झाला असता. इथे दोघंही मूग गिळून बसलेले. या घरातल्या पुरुषांचं हे एक असह्य होतं.

लॉजवर पोचले तर मालकीणबाईंनी खोली आवरून फ्रिज रिकामा केलेला. ऊर्मिलाच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी शांतपणे काउंटरखालून पिशवी काढली, आल्झो, म्हणजे बरं का, हे इस्टरच्या अंड्यासारखं काहीतरी आहे ना, म्हणाल्या, आणि एवढं मोठं अंडं कोणाचं म्हणून हसल्या. ऊर्मिलाने नारळ छातीशी धरला आणि तो नंतर दिवसभर मांडीवरून हलवलाच नाही. डांके म्हणून आभार मानायचेही ती विसरली.

पावणेदहाला पुन्हा निघाले. अप्पांनी मागून बोटांची पेरं मोजत हिशेब मांडला.

"पौर्णिमा. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. त्यात पाऊण तास मिळवायचा. बाराला पाणी टिच्च भरलेलं. मग उतरायला लागेल. दोन-अडीचपर्यंत पोचलो तरी पाणी असतं. घाई नको, श्रीरंग."

तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ निघते. हा हिशेब त्यांच्या बापाचा, त्याच्या बापाचा. अप्पांना घड्याळ नसलं तरी चालायचं. बॉबलिंगेनला असताना ऊर्मिलाने एकदा विचारलं होतं, "अप्पा, तिथल्या भरतीच्या वेळा इंटरनेटवर बघून घेऊ या का?" तर अप्पांनी जेवता जेवता हात थांबवला होता आणि श्रीरंगने टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला होता. "भरतीचं अप्पांना काय सांगतेस?" तो नंतर खोलीत म्हणाला होता. जो माणूस लघवीला मिनिटं लावतो, त्याने समुद्राची वेळ तेवढी बघितली नव्हती. ती बापाला विचारायची असते ना!

हानोव्हर मागे पडलं. गाडी बरी पळत होती. आता जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत झोल्टाऊच्या पुढे माशी शिंकली. समोरच्या सगळ्या गाड्यांचे मागचे दिवे एकाएकी लाल झाले, आणि श्रीरंगने रेडिओ लावला.

"ट्रक उलटलाय," त्याने ऐकून सांगितलं. "फोलश्पेरुंग. रस्ता पूर्ण बंद."

"किती वेळ?"

"ते सांगत नाहीत."

जर्मन लोकांचं एक आहे, अडकले की व्यवस्थित अडकतात. मधे अँब्युलन्सला वाट सोडून गाड्या दोन्ही कडांना शिस्तीत लागल्या, इंजिनं बंद झाली, आणि पंधरा मिनिटांत लोकांनी डिकीतून खुर्च्या काढल्या. एकाने कलिंगड कापलं. कोणी हॉर्न वाजवेना, कोणी चिडेना. ऊर्मिलाला त्यांचाही राग आला. काय मेली ही शांतता! गाडीत ऊन तापत होतं, नारळाचा सोनेरी कागद तिच्या घामाने ओला होऊन मांडीला चिकटत होता, घड्याळात एक वाजला, दीड वाजला.

"मी फ्रिजमध्ये ठेवला नसता तर आत्ता आपण तिथे असतो," ती शेवटी म्हणाली.

"असू दे गं," श्रीरंग म्हणाला.

"असू दे काय असू दे? तुम्ही दोघं मला बोलत का नाही?"

"बोलून ट्रक उठणार आहे का?"

ती गाडीतून उतरली, रस्त्याच्या कडेच्या पत्र्याला टेकून उभी राहिली आणि पुढे कुठेतरी हेलिकॉप्टर उतरताना बघत राहिली. त्याच वेळी श्रीरंगचा मोबाइल एकदा वाजून बंद झाला. विलासचा मिस्ड कॉल. दोन वाजले होते, म्हणजे मुरूडला संध्याकाळचे साडेपाच. श्रीरंगने फोन लावून अप्पांच्या हातात दिला. अप्पा उतरून गाडीला पाठ लावून उभे राहिले.

ऊर्मिलाला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. अप्पांचं मात्र स्पष्ट ऐकू आलं.

"हो. दिला."

मग थोडं थांबून, "हो रे, पाण्यातच दिला. मग काय रस्त्यात देणार? होडीची पूजा करून घे. पहाटे वेळेवर नीघ."

त्यांनी फोन श्रीरंगला परत दिला. कोणी कोणाकडे बघितलं नाही. अप्पा आयुष्यात खोटं बोलले नव्हते असं काही नाही. दारूबंदीच्या काळात पोलिसांशी बोलले होते, सासूबाईंशी तर पुष्कळदा. पण समुद्राच्या बाबतीत ते खोटं बोललेले श्रीरंगनेही कधी ऐकलं नव्हतं. त्याचा चेहराच सांगत होता.

"त्याची होडीवरची पोरं खोळंबली असती," अप्पा म्हणाले. "आज दिवस मावळायच्या आत द्यायचा म्हणजे झालं. दिला म्हणालो ते खरं करायचं. सहाला ओहोटी पुरी होईल, सहानंतर पाणी परत चढायला लागणार. आठला पोचलो तरी थोडं वर आलेलं असेल."

रस्ता सव्वाचारला उघडला. हाम्बुर्गला एल्बे नदीखालच्या बोगद्याशी पुन्हा रांग. तिथे दीड तास गेला. श्रीरंगने एकदा स्टिअरिंगवर मूठ आपटली, तेव्हा ऊर्मिलाला जरा बरं वाटलं. पुढे रस्ता सपाट झाला, झाडं कमी झाली, पवनचक्क्या सुरू झाल्या. दुपारचं कोणी जेवलं नव्हतं. तिने केलेले मेथीचे ठेपले डब्यात तसेच होते. अप्पा नारळ दिल्याशिवाय खाणार नव्हते, आणि ते खात नाहीत तर यांच्या घशाखाली काय उतरणार?

सव्वाआठला ते पोचले. समोर हिरवा, गवताचा उंच बांध आणि त्यावर मेंढ्या चरत होत्या. बांधाच्या पलीकडे समुद्र. ऊन अजून होतं, पण पिवळं पडलं होतं. अप्पा गाडी थांबायच्या आत उतरले. सत्तरीचा माणूस, पण बांधावर असा चढला की श्रीरंग मागे पडला. ऊर्मिला नारळ घेऊन, मेंढ्यांच्या लेंड्या चुकवत, धापा टाकत वर पोचली.

अप्पा आ वासून उभे होते.

समुद्र नव्हता. म्हणजे थोडा मागे गेलाय असं नाही, नव्हताच. नजर पोचेल तिथवर करडा, चकाकणारा चिखल पसरलेला, त्यात नागमोडी चर, आणि दूर क्षितिजापाशी पाणी की आभाळ ते न कळणारी एक रेघ. बांधाच्या पायऱ्यांपाशी एक लाकडी पाटी होती. आजच्या वेळा तिच्यावर खडूने लिहिल्या होत्या: भरती तीन वाजून सहा मिनिटं, ओहोटी नऊ वाजून दहा मिनिटं.

ऊर्मिलाने पाटी वाचली. श्रीरंगने वाचली. बापाला सांगायची हिंमत दोघांत नव्हती. पण अप्पांना आकडे कळत होतेच.

"तीन?" ते म्हणाले. "पौर्णिमेला तीन?"

त्यांनी पुन्हा पेरं मोजली. पंधरा त्रिक पंचेचाळीस. अंगठा शेवटच्या पेरावर गेला आणि तिथेच राहिला. तो हिशेब मुरूडच्या किनाऱ्याचा होता, या किनाऱ्याचा नव्हता. मी म्हटलं होतं, इंटरनेटवर बघू या, हे वाक्य ऊर्मिलाच्या जिभेवर आलं होतं. सकाळपासून तिला कोणावर तरी उलटायचं होतं, आणि आता आयती संधी होती. अप्पांच्या हाताकडे बघून तिने ते गिळलं.

"तो नारळ इकडे आण," अप्पा म्हणाले. "मी जातो पाण्यापर्यंत."

त्यांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत वळली आणि नारळ घेऊन ते चिखलात उतरले. पाचव्या पावलाला पोटरीपर्यंत गेले. "अप्पा, अहो अप्पा!" करत श्रीरंग बुटांसकट मागे धावला. बांधावरून कुत्रं घेऊन फिरणारी एक म्हातारी बाई होती, ती तर किंचाळलीच. तिने हातवारे करून जे सांगितलं ते श्रीरंगने तिथेच, चिखलात उभं राहून वडिलांना मराठीत सांगितलं. पाणी दोन-तीन किलोमीटर आत आहे. मधल्या चरांतून ते मागच्या बाजूने येतं आणि माणसाला गाठतं. वाटाड्याशिवाय इथले लोकसुद्धा जात नाहीत.

"मी चिखलाला भिणारा नाही," अप्पा म्हणाले.

"माहीत आहे, अप्पा."

"पाणी परत कधी, विचार तिला."

"पहाटे साडेतीनला."

"तेव्हा मुरूडला किती?"

"सात."

पाचला विलास निघणार होता. सातला तो खोल समुद्रात असेल, चार माणसं घेऊन, न दिलेल्या नारळावर विसंबून. अप्पा चिखलात उभे राहिले. वारा त्यांच्या मफलरचं टोक उडवत होता. मग ते वळले, पायरीवर येऊन बसले, आणि चिखलाने भरलेला हात श्रीरंगपुढे केला.

"विलासला लाव. मोठ्याने ऐकू येईल असा."

मुरूडला बारा वाजून गेले होते. पण पहिल्याच रिंगला विलासने फोन उचलला.

"झोपला नाहीस?" अप्पांनी विचारलं.

"नाही. धक्क्यावर बसलोय."

"या वेळी? का?"

विलास म्हणाला, "तुम्ही नारळ दिला नाहीत ना, अप्पा?"

ऊर्मिलाने श्रीरंगचा दंड धरला.

"दुपारी तुम्ही दिला म्हणालात तेव्हा मागे हेलिकॉप्टर घरघरत होतं," विलास म्हणाला. "पाण्याचा आवाज मला कळत नाही होय? तुमच्याच हाताखाली शिकलोय."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तुम्हाला काय बोलणार? सगळ्यांचे नारळ गेले, वाजतगाजत गेले. मी आपला होडीला पाठ लावून बसलोय. सकाळी काढू का नको तेच कळत नाही. दोघं जण तर म्हणतात, आम्ही येत नाही."

अप्पांनी घसा खाकरला. "घरात नारळ आहे?"

"माझ्याजवळ आहे. शैलाने दुपारीच सोनेरी कागद लावून पिशवीत घालून दिला." आणि मग, हळू आवाजात, "पण तुम्ही म्हणाला होता, मी मेल्यावर दे."

"म्हणालो होतो."

"मग?"

अप्पा समोरच्या चिखलाकडे बघत होते. ऊन आता बरंचसं विझलं होतं.

"अजून मेलो नाही," ते म्हणाले. "तरी दे."

फोनमधून पावलांचा आवाज आला. मग पाण्याचा. आधी लांबून, मग इतका जवळ की कुत्र्याने कान उभे केले. विलास काहीतरी पुटपुटत होता. अप्पांचेही ओठ हलत होते, त्याच शब्दांना, त्याच्या अर्धा शब्द पुढे. श्रीरंगने तोंड दुसरीकडे वळवलं. ऊर्मिलाला आपला नवरा रडतोय हे कळलं, आणि तिने त्याला कळू दिलं नाही की कळलंय. डुब् असा आवाज झाला.

"दिला," विलास म्हणाला.

"पाणी किती आहे?"

"वरच्या पायरीला लागलंय. टिच्च."

"वाजले किती?"

"बारा वाजून दहा."

"बघ," अप्पा श्रीरंगला म्हणाले. "बाराच." आणि फोनमध्ये म्हणाले, "आता घरी जा आणि दोन तास तरी झोप. उजव्या इंजिनाचा पट्टा बघून नीघ. आणि हे बघ, पुढच्या वर्षी मला विचारायचं नाही."

फोन बंद झाला. म्हाताऱ्या बाईने हात हलवला आणि कुत्र्याला घेऊन ती निघून गेली. ऊर्मिला खाली बसून अप्पांच्या पायांवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसू लागली. त्यांनी पाय मागे घेतले, मग राहू दिले. तिने डबा उघडून पुढे ठेवला. अप्पांनी ठेपल्याचा तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि मांडीवरचा नारळ उचलून तिच्या हातात दिला. सोनेरी कागद एका बाजूने फाटला होता.

"हा आता खायचा," ते म्हणाले. "उद्या याचा नारळीभात कर. आज रात्री जिथे राहणार आहोत तिथे फ्रिज असेल, त्यात ठेव." आणि मग एकदम आवाज चढवून, कपाळाला आठ्या घालून ते म्हणाले, "आणि सकाळी परत विसरलीस तर याद राख! एवढी शिकलेली पोर तू, नारळ कोणी फ्रिजमध्ये ठेवतं का? दिवसभर मी कसा गप्प बसलो ते माझं मला माहीत!"

"नाही विसरणार, अप्पा," ऊर्मिला म्हणाली, आणि तिला इतकं बरं वाटलं की तिथेच, मेंढ्यांच्या लेंड्यांत बसून, ती ढसाढसा रडायला लागली.